केसातले जड धातू आणि हातातली यंत्रे

माणसाच्या डोक्यावरचा केस महिन्याकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्वचेखालच्या केशकूपात तो घडत असताना भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांतून जे येईल त्यातले काही त्याच्या घडणीत सामील होते. त्वचेबाहेर आलेल्या केसात रक्त फिरत नाही, त्यामुळे त्यात अडकलेला धातू पुन्हा शरीरात परतत नाही. टाळूपासून तीन सेंटिमीटरवरचा तुकडा म्हणूनच तीन महिन्यांपूर्वीच्या रक्ताविषयी काही सांगू शकतो. रक्ताच्या नमुन्यातून अलीकडची स्थिती कळते, लघवीतून बहुतेक धातूंच्या बाबतीत गेल्या काही दिवसांची. केस मात्र महिन्यामहिन्याची नोंद धरून ठेवतो.

ही नोंद टिकते ती गंधकामुळे. केस प्रामुख्याने केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि या प्रथिनात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असते. केसाच्या वजनात गंधकाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास भरतो. पारा, शिसे, आर्सेनिक यांना गंधकाची ओढ मोठी. एकदा ते त्याला चिकटले की सहसा सुटत नाहीत. मासे खाण्यातून येणारा मिथिल पारा तर केसात रक्ताच्या सुमारे अडीचशे पट साठतो. आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातू नाही, पण विषारीपणामुळे त्याची गणना जड धातूंतच होते.

तरीही केसातले प्रमाण मोजायला अतिशय थोडे असते. ते पीपीएममध्ये सांगतात: एक पीपीएम म्हणजे एक किलो केसात एक मिलिग्रॅम धातू. ऐंशी मायक्रोमीटर जाडीच्या एका केसाच्या एक सेंटिमीटर तुकड्याचे वजन जेमतेम ६५ मायक्रोग्रॅम भरते. त्यात एक पीपीएम पारा असेल, तर प्रत्यक्ष पारा असतो ६५ पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही पंधरावा हिस्सा. प्रयोगशाळेतली मोठी यंत्रे एवढे मोजू शकतात. प्रश्न आहे तो बॅटरीवर चालणाऱ्या, गावात किंवा बंदरावर नेता येणाऱ्या यंत्रांचा.

केसांची तपासणी किती मोलाची ठरू शकते हे जगाला कळले ते पाऱ्यामुळे. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली एका अनोळखी मज्जाविकाराची नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या ॲसिटाल्डिहाइडच्या कारखान्यातून उपसागरात सोडलेला पारा माशांत साठला होता आणि मासे हेच तिथल्या लोकांचे रोजचे अन्न होते. १९६० नंतर कुमामोतो प्रांतातल्या किनाऱ्यावरच्या लोकांचे केस तपासले गेले, तेव्हा एका बाईच्या केसात ९०० पीपीएमहून अधिक पारा आढळला. मासे बेताने खाणाऱ्या माणसाच्या केसात तो एक पीपीएमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

पुढची मोठी दुर्घटना इराकमधली. १९७१-७२ च्या हिवाळ्यात पेरणीसाठी आलेल्या गव्हाच्या बियाण्याला बुरशीनाशक म्हणून मिथिल पारा चोळलेला होता आणि इशारा म्हणून त्याला लाल रंग दिलेला होता. अनेक शेतकऱ्यांनी रंग धुऊन काढला. रंग गेला म्हणजे विषही गेले, असे समजून त्या गव्हाच्या भाकऱ्या केल्या. अधिकृत आकड्यांनुसार ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली. त्या काळात गरोदर असलेल्या बायकांचे लांब केस संशोधकांना अतिशय उपयोगी पडले. केसाचे टाळूपासून टोकापर्यंत तुकडे करून तपासल्यावर गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात किती पारा अंगात होता हे कळले आणि बाळाच्या वाढीवर झालेल्या परिणामाशी ते ताडून पाहता आले. मिथिल पाऱ्याच्या सुरक्षित मर्यादेविषयी आज जे आकडे वापरात आहेत, त्यांच्या मुळाशी इराक, फेरो बेटे आणि सेशेल्स इथल्या अशाच अभ्यासांची चर्चा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रोजच्या सेवनासाठी ठरवलेली मर्यादा केसातल्या सुमारे एक पीपीएमशी जुळते.

एकट्या केसाने तारीख सांगितल्याचे उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या हातमोज्यावर १४ ऑगस्ट १९९६ रोजी डायमिथिल पाऱ्याचे काही थेंब सांडले. लेटेक्सच्या हातमोज्यातून ते झिरपले. लक्षणे दिसली जानेवारीत आणि जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा केस लांबीनुसार तपासला, तेव्हा पाऱ्याचे प्रमाण एका ठिकाणी एकदम चढून ११०० पीपीएमच्या जवळ पोचल्याचे आणि नंतर हळूहळू, सुमारे ७५ दिवसांत निम्मे, असे उतरल्याचे दिसले. चढाची जागा ऑगस्टमधल्या अपघाताशी जुळत होती. पारा दीर्घकाळ थोडाथोडा अंगात जात राहिला असता, तर असा आलेख आलाच नसता. क्ष-किरणांनी केलेल्या अशा मोजणीत केस जळत नाही किंवा विरघळत नाही, हा तिचा मोठा गुण.

आज हाती धरायच्या यंत्रांत सर्वांत जास्त वापरले जाते ते याच तत्त्वावरचे. त्याला क्ष-किरण प्रतिदीप्तीमापक म्हणतात. कामगारांच्या आणि तंत्रज्ञांच्या तोंडी ते ‘एक्सआरएफ’च असते. दिसायला ड्रिल मशीनसारखे, वजन दीड किलोच्या आसपास. भंगार धातूंच्या वखारीत मिश्रधातू ओळखायला, जुन्या रंगातले शिसे शोधायला, खाणीत खनिज तपासायला ते वापरतात. सोन्याच्या हॉलमार्किंग केंद्रात दागिन्याचा कस पाहणारी टेबलावरची पेटीही याच तत्त्वावर चालते. फरक आहे तो प्रमाणाचा: ९१६ च्या सोन्यात हजारातले ९१६ भाग सोने असते, तर केसात शोधायचा धातू दहा लाखांत एखादाच भाग.

यंत्राच्या तोंडाशी एक इवलीशी क्ष-किरण नळी असते. चाळीस ते पन्नास हजार व्होल्टचा दाब देऊन तिच्यातून क्ष-किरण सोडतात. असा किरण अणूच्या आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि दोन कक्षांच्या ऊर्जेतला फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. तिचा अणुक्रमांकाशी असलेला नेमका संबंध हेन्री मोस्ली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ साली दाखवला. दोनच वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. त्याच्या कामामुळे अनोळखी पदार्थातून निघणाऱ्या किरणांची ऊर्जा मोजली की आत कोणते मूलद्रव्य आहे हे सांगता येते. किरणांची संख्या मोजली की त्याचे प्रमाणही.

ही ऊर्जा मोजणारा शोधक पूर्वी द्रव नायट्रोजनने थंड ठेवावा लागे, त्यामुळे यंत्र एका जागेवरून हलत नसे. सिलिकॉनचे नवे शोधक एका छोट्या विद्युत्-शीतकावर काम भागवतात. हे यंत्र हातात आले ते मुख्यतः या बदलामुळे.

केसाची बट पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर ठेवून यंत्राच्या तोंडाशी धरली आणि दोन-तीन मिनिटे मोजणी चालू दिली, की पडद्यावर वर्णपट उमटतो. त्यात निरनिराळ्या ऊर्जांवर उंच-सखल टेकाडे दिसतात. गंधक आणि कॅल्शियम डाव्या बाजूला, कमी ऊर्जेवर. ८.६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर जस्ताचे ठसठशीत टेकाड असते, कारण निरोगी केसात जस्त नैसर्गिकपणेच शंभर ते दोनशे पीपीएम असते. पाऱ्याची मुख्य रेषा येते ९.९९ वर. जस्ताची दुसरी रेषा ९.५७ वर पडते आणि जस्त कितीतरी पट जास्त असल्यामुळे पाऱ्याचे लहानसे टेकाड तिच्या उतारावर टेकलेले दिसते. पाऱ्याची दुसरी रेषा ११.८२ वर, तर ब्रोमिनची ११.९२ वर, म्हणजे तिथेही शेजारी आहेच.

सर्वांत मोठी अडचण आहे ती आर्सेनिक आणि शिसे यांच्यात. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ वर आणि शिशाची १०.५५ वर. दोघांतले अंतर दहा इलेक्ट्रॉनव्होल्ट. शोधकाला वेगळ्या ओळखता येणाऱ्या दोन रेषांत किमान दीडशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अंतर लागते. त्यामुळे पडद्यावर त्या जागी एकच टेकाड उमटते आणि त्यात कोणाचा वाटा किती, हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे शिशाची दुसरी रेषा, १२.६१ वरची. ती मोकळी असते. तिच्यावरून शिसे किती ते काढायचे, तेवढ्या शिशामुळे १०.५५ वर किती किरण यायला हवेत याचा हिशेब करायचा आणि उरतील ते आर्सेनिकचे मानायचे. यंत्रातली संगणक-प्रणाली हे आपोआप करते. केसात शिसे जास्त आणि आर्सेनिक कमी असेल, तर मात्र ही वजाबाकी डळमळीत होते: मोठ्या आकड्यातून जवळजवळ तेवढाच मोठा आकडा वजा करून हाती आलेल्या लहान आकड्यावर विसंबणे धोक्याचे. दोन्ही धातूंचा संशय असलेल्या ठिकाणी नुसत्या एक्सआरएफच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, असे म्हणायला एवढे कारण पुरे आहे.

दुसरी अडचण केसाच्या हलकेपणाची. खनिजाचा दगड किंवा सोन्याची अंगठी क्ष-किरणांपुढे जाड भिंतीसारखी उभी असते. केसांची बट विरळ असते आणि तिच्यातून बरेच किरण आरपार जातात. जाड बटेतून जास्त संकेत येतो, बारीक बटेतून कमी, मग धातूचे प्रमाण दोन्हींत सारखे असले तरी. इथे मदतीला येतात विखुरलेले किरण. आर्थर कॉम्प्टन यांना ज्या शोधासाठी १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या परिणामामुळे केसातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन या हलक्या अणूंवर आपटून किरण थोडी ऊर्जा गमावून परततात. किती परतले यावरून किरणांसमोर किती केस होता हे समजते. धातूच्या संकेताला या संख्येने भागले, की बटेच्या जाडीचा दोष बराचसा निघून जातो. कारखान्यातून ‘माती’ किंवा ‘मिश्रधातू’ या प्रकारासाठी जुळवून आलेले यंत्र केसावर तसेच रोखले, तर ही दुरुस्ती होत नाही आणि पडद्यावरचा आकडा दिसायला नेमका पण प्रत्यक्षात चुकीचा असतो.

हे सगळे नीट केले तरी हातातल्या एक्सआरएफची केसातली पोच एक ते काही पीपीएमपर्यंतच असते. मिनामातासारखी किंवा खाण कामगारांसारखी गंभीर बाधा ते झटकन पकडते. एक पीपीएमच्या आसपासचा पारा त्याच्या काठावर असतो. कॅडमियम त्याहून अवघड. त्याची मुख्य रेषा २३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर असते, तिला उठवायला नळीवर पुरा दाब लागतो आणि केसात कॅडमियम बहुधा एक पीपीएमपेक्षा बरेच कमी असते. शिवाय हे यंत्र क्ष-किरण सोडते, म्हणून भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम त्याला लागू होतात. केस कापून, यंत्राच्या झाकणबंद चौकटीत ठेवूनच मोजावा. माणसाच्या डोक्याकडे यंत्र रोखणे कधीही योग्य नाही.

पाऱ्यासाठी यापेक्षा चांगले फिरते साधन उपलब्ध आहे. त्याला एक्सआरएफएवढी प्रसिद्धी मिळालेली नाही, पण या कामात ते सरस आहे. या यंत्रात काही मिलिग्रॅम केस एका लहान बोटीत ठेवून कित्येकशे अंश तापमानाला जाळतात. केसातला पारा, मग तो कोणत्याही रूपात असो, वाफ होऊन बाहेर पडतो. काही यंत्रांत ही वाफ सोन्याच्या कणांवर धरून ठेवतात, कारण पारा सोन्यात मिसळतो, आणि मग सोने तापवून ती एकदम मोकळी करतात. नंतर या वाफेतून २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडतात. पाऱ्याचे अणू नेमका हाच प्रकाश शोषतात आणि किती शोषला गेला यावरून पारा किती ते कळते. काही फिरत्या यंत्रांत चुंबकीय क्षेत्र वापरून धूर आणि जळलेल्या केसाच्या वासाबरोबर येणाऱ्या वायूंचे शोषण वेगळे काढले जाते. तिथे सोन्याचीही गरज पडत नाही. आम्ल लागत नाही, काही मिनिटांत उत्तर मिळते आणि पोच पीपीएमच्या हजाराव्या भागापर्यंत जाते. वजन काही किलो, आकार प्रवासी बॅगेएवढा. यात केस जळून जातो, एवढेच काय ते उणे. म्हणून बटेचा काही भाग राखून ठेवणे शहाणपणाचे.

तिसरा मार्ग विजेचा. प्राग शहरात यारोस्लाव हेयरोव्स्की यांनी १९२२ साली ज्या पद्धतीची सुरुवात केली, तिच्यातूनच तो पुढे आला. त्या कामासाठी त्यांना १९५९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. द्रावणातला धातू आधी उलट दाबाने विद्युत्-अग्रावर जमवायचा आणि मग दाब हळूहळू बदलत तो पुन्हा विरघळवायचा. प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक दाबाला सुटतो आणि त्या क्षणी वाहणारा प्रवाह त्याचे प्रमाण सांगतो. मोबाइलएवढ्या यंत्रात हे बसते आणि शिसे व कॅडमियम यांसाठी त्याची संवेदनशीलता उत्तम असते. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातले शिसे मिनिटांत मोजणारी छोटी यंत्रे याच तत्त्वावर चालतात. केसाच्या बाबतीत घोडे अडते ते तयारीवर. केस आधी तापलेल्या नायट्रिक आम्लात पूर्ण विरघळवावा लागतो. त्यासाठी धूर ओढून नेणारी पेटी हवी, शुद्ध आम्ल हवे आणि हात बसलेला माणूस हवा. यंत्र खिशात मावले तरी ही तयारी मावत नाही, म्हणून केसासाठी ही पद्धत बहुतांशी प्रयोगशाळेच्या दारातच राहते. लेझरच्या ठिणगीने केसाचा कण पेटवून त्याचा प्रकाश वाचणारी हातातली यंत्रेही निघाली आहेत, पण केसातल्या एवढ्या थोड्या धातूपर्यंत ती अजून भरवशाने पोचत नाहीत.

यंत्र कोणतेही असो, निम्मे यश केस कसा कापला यावर असते. डोक्याच्या मागच्या बाजूचे, कवटीचा फुगवटा असतो तिथले केस घेतात. तिथे वाढीचा वेग सर्वांत एकसारखा असतो. स्टेनलेस स्टीलच्या कात्रीने, टाळूला लागून, पेन्सिलीएवढी जाड बट कापतात. कापण्यापूर्वी टाळूकडच्या टोकाला सुती दोरा बांधतात. हा दोरा राहून गेला तर नंतर कोणते टोक आजचे आणि कोणते वर्षापूर्वीचे हे ओळखणे जवळजवळ अशक्य होते आणि केसाची सारी कालगणना वाया जाते. बट कागदी पाकिटात ठेवतात, त्यावर दोऱ्याचे टोक कुठे आहे याची खूण करतात. सोबतच्या नोंदीत केसाला कलप लावला का, मेंदी लावली का, कोणते तेल, विहिरीचे पाणी की नळाचे, काम काय, आठवड्यात मासे किती वेळा आणि कोणते, हे सगळे लिहावे लागते. एका वेळी टाळूवरचे सुमारे दहापैकी नऊ केस वाढत असतात आणि एखादा थांबलेला असतो. थांबलेला केस जुन्या महिन्यांची माहिती नव्यांत मिसळतो, म्हणून बटेवरून काढलेला महिना दोन-चार आठवडे इकडेतिकडे होऊ शकतो.

त्यानंतर धुणे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सुचवलेली पद्धत बऱ्याच ठिकाणी पाळतात: आधी ॲसिटोन, मग तीन वेळा शुद्ध पाणी, शेवटी पुन्हा ॲसिटोन. तेल, घाम आणि धूळ यांनी जाते. पण या धुण्याला मर्यादा आहे आणि केसांच्या तपासणीतला खरा वाद तिथेच आहे. कमी धुतले तर बाहेरचा धातू राहतो; जास्त धुतले तर आतलाही निघू लागतो. ओलावा आणि वेळ मिळाला, तर बाहेरून आलेला धातू केसाच्या खवल्यांतून आत शिरून त्याच गंधकाला जाऊन चिकटतो. मग तो कोणत्याही धुण्याने जात नाही आणि यंत्राला तो रक्तातून आला की धुळीतून हे कळण्याचा मार्ग नसतो.

भारतात बाहेरून येणाऱ्या धातूची शक्यता पदोपदी असते. देवाच्या मूर्तीला लावायच्या पारंपरिक शेंदुरात शिशाचे ऑक्साइड असू शकते. भांगात भरायच्या काही सिंदुरांतही ते सापडले आहे. सुरम्याच्या काही प्रकारांत शिशाचे सल्फाइड असते. केस हळूहळू काळे करणाऱ्या काही जुन्या कलपांत शिशाचे ॲसिटेट वापरले जाई. बॅटऱ्या फोडण्याच्या किंवा सोल्डरिंगच्या कामातल्या माणसाच्या केसावर शिशाची धूळ बसतेच. अशा माणसाच्या केसात शिसे जास्त निघाले, तर ‘इथे शिशाचा वावर आहे’ एवढे खात्रीने सांगता येते. ‘रक्तात शिसे इतके आहे’ हे सांगता येत नाही. पहिले विधानही उपयोगाचे आहे. पण ते दुसऱ्याच्या जागी वापरले की रुग्णाचे नुकसान होते.

मिथिल पारा या गोंधळातून बराचसा सुटतो, कारण तो धुळीत किंवा प्रसाधनांत सहसा नसतो. तो अन्नातून, मुख्यतः माशांतून येतो आणि मासे खाणाऱ्यांच्या केसातला बहुतेक पारा याच रूपात असतो. अमेरिकेच्या विषद्रव्य नोंदणी संस्थेने २००१ साली बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीचाही निष्कर्ष असाच होता: बहुतेक पदार्थांसाठी केसातल्या आकड्यावरून आरोग्याविषयी सांगायला पुरेसा आधार नाही, मिथिल पारा हा त्यातला मुख्य अपवाद. सगळ्या धातूंना एकाच मापाने तोलणाऱ्या जाहिराती नेमकी ही गोष्ट लपवतात.

केस कोणाचा, हा प्रश्नही क्षुल्लक नाही. संगीतकार बीथोव्हनच्या म्हणून जपलेल्या एका बटेत २००० सालच्या सुमारास अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत भरपूर शिसे आढळले आणि त्याच्या आजारांचे कारण शिसेच, असे जगभर छापून आले. २०२३ मध्ये डीएनए तपासल्यावर ती बट एका बाईची निघाली. पुढच्या वर्षी डीएनएने खऱ्या ठरलेल्या दोन बटा मोजल्या गेल्या आणि त्यांत शिसे सापडले २५८ आणि ३८० पीपीएम. सामान्य मर्यादा चारच्या आसपासची मानली जाते. म्हणजे त्याच्या अंगात भरपूर शिसे होते एवढा निष्कर्ष शेवटी टिकला, पण वीसेक वर्षे तो चुकीच्या केसावर उभा होता.

प्रयोगशाळांतल्या फरकाचेही एक गाजलेले उदाहरण आहे. २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस वाटून सहा व्यापारी प्रयोगशाळांना पाठवले. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांत दहा पटींहून अधिक तफावत निघाली. हे टाळण्याचा मार्ग म्हणजे प्रमाणित केस. जपानच्या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने तयार केलेल्या केसांच्या भुकटीत पारा सुमारे ४.४ पीपीएम असल्याचे प्रमाणित केलेले आहे. नमुन्यांच्या मधेमधे अशी भुकटी मोजायची. यंत्राने चारच्या जागी सहा दाखवले, तर त्या दिवसाचे काम थांबवायचे. फिरत्या यंत्राबरोबर ही कुपी नसेल, तर त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवायला आधार उरत नाही.

भारतात केसांच्या तपासणीचा सर्वांत मोठा वापर आर्सेनिकसाठी झाला. कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या नलकूपांच्या पाण्याने आजारी पडलेला रुग्ण ओळखला. पुढे जादवपूर विद्यापीठातल्या दीपांकर चक्रवर्ती यांच्या गटाने गंगेच्या खोऱ्यात आणि बांगलादेशात पाण्याबरोबरच केस, नखे आणि लघवी यांचे नमुने अनेक वर्षे मोठ्या संख्येने तपासले. केसात ०.०८ ते ०.२५ पीपीएम आर्सेनिक सामान्य मानतात आणि एक पीपीएमच्या वर गेले की विषबाधेचा संशय धरतात. धोक्याची ही रेषा हातातल्या एक्सआरएफच्या पोचेच्या काठावरच येते आणि त्यात शिशाची वजाबाकी आहेच. त्यामुळे हे काम प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरच झाले. आंघोळीच्या पाण्यातले आर्सेनिकही केसाला लागते, म्हणून नखे आणि लघवी सोबत घेतली गेली. हा शहाणपणा आजही लागू आहे.

महाराष्ट्रात पाऱ्याचा प्रश्न खाडीशी जोडलेला आहे. ठाणे खाडीच्या परिसरातल्या रासायनिक कारखान्यांत कॉस्टिक सोडा बनवताना पूर्वी पाऱ्याचे विद्युत्-घट वापरत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली या खाडीतल्या पाऱ्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. देशातले असे कारखाने नंतर पारारहित पद्धतीकडे वळले. गाळात उतरलेला पारा मात्र सहजासहजी जात नाही. रोज मासे खाणाऱ्या कोळीवाड्यांतल्या बायकांच्या केसांची दर काही वर्षांनी तपासणी, हे फिरत्या पारामापकाला अगदी साजेसे काम आहे. बोंबील, तारली, बांगडा यांसारख्या लहान माशांत पारा कमी असतो, मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांत जास्त. केसाचा आकडा आणि ताटातला मासा यांची सांगड तिथे बंदरावरच घालता येईल. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१७ साली अमलात आला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. कराराच्या परिणामांवर नजर ठेवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही आईच्या केसातला पारा हेच एक माप धरले आहे.

सर्व पारा केसात दिसतो असे मात्र नाही. गोरेपणाच्या काही क्रीममधला पारा अकार्बनी असतो. अशा क्रीममुळे मूत्रपिंडे बिघडल्याची प्रकरणे २०२३ मध्ये अकोल्यात आणि केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात समोर आली. हा पारा केसात नीट उतरत नाही. त्यासाठी लघवी तपासावी लागते. तसेच शिशाचे. मुलाच्या अंगात शिसे गेल्याचा संशय असेल, तर शिरेतून घेतलेल्या रक्ताचीच चाचणी करावी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने मुलांसाठी ठरवलेला इशाऱ्याचा आकडा, दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम, रक्तासाठीच आहे. आर्सेनिकचे पाणी नुकतेच पोटात गेले असेल तर लघवी, बरेच महिने जात असेल तर केस आणि नखे.

केस पोस्टाने मागवून ‘तीस धातूंचा अहवाल’ देणाऱ्या आणि त्यावरून अंगातले धातू काढण्याचे औषध सुचवणाऱ्या जाहिरातींपासून वाचकांनी दूर राहावे. धातू बांधून बाहेर काढणारी ही औषधे रक्तातले कॅल्शियमही खाली ओढू शकतात. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत यामुळे तीन माणसे दगावल्याची नोंद आहे आणि त्यांतली दोन लहान मुले होती. केसाचा आकडा जास्त आला, तर तो घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे, रक्त किंवा लघवीची चाचणी मागावी आणि घरात, कामावर किंवा ताटात धातू कुठून येतो आहे ते शोधून आधी बंद करावे.